घण, जिओफोन आणि मोफत सॉफ्टवेअर: विदर्भातल्या गावात राहून सेस्मिक सर्वेक्षण कसं शिकावं

भूगर्भशास्त्र शिकतोय हे गावात कळलं की कोणीतरी धुऱ्यावर गाठून विचारतंच, "पाणी कुठी लागते ते सांगा ना भाऊ." सेस्मिक पद्धत, म्हणजे जमिनीला ठोका देऊन उठलेल्या लाटा किती वेळात कुठे पोचतात ते मोजणं, या प्रश्नाचं थेट उत्तर देत नाही, आणि देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ती सांगते ते इतकंच: काळी माती किती खोल, मुरूम किती, पक्का खडक कुठून सुरू होतो. विहिरीची खोदाई कुठवर जाईल आणि सुरुंग कुठून लागेल, शेततळ्यासाठी पोकलेन किती खाली उतरेल, पुलाचा पाया कुठे टेकेल, हे ठरवायला तेवढी माहिती पुष्कळ असते. तेलकंपन्या हजारो चॅनल (जिओफोन या हादरे टिपणाऱ्या यंत्राच्या वेगवेगळ्या नोंदवाहिन्या) लावून काही किलोमीटर खोल बघतात तेही याच लाटांच्या भरवशावर.

हे लिहितोय ते अमरावती, यवतमाळ, वाशीम, गोंदियाकडच्या गावातून ये-जा करत बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. या विषयातल्या नामवंतांच्या याद्या पाठ करण्यात काही हशील नाही. ज्यांचं काम आपल्या लॅपटॉपवर उतरवून, चालवून, त्यात फेरफार करून बघता येतं त्यांच्यापासून सुरुवात करावी. बाकीच्यांपर्यंत आपण आपोआप पोचतो.

लॅपटॉपची तयारी

८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. त्यावर उबुंटू टाका. विंडोज सोडवत नसेल तर त्याच्या आतच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय वापरा. हार्डडिस्कवर पन्नासेक जीबी जागा मोकळी ठेवा. गावात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून सॉफ्टवेअरचा सोर्स, लागणाऱ्या लायब्ररी आणि सरावाचा डेटा हे सगळं कॉलेजात किंवा तालुक्याच्या ठिकाणी एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. घरी बसून करायच्या कामाला मग इंटरनेट लागत नाही.

पहिलं सॉफ्टवेअर सिस्मिक युनिक्स. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये सेंटर फॉर वेव्ह फिनॉमिना नावाचा गट आहे. तिथे जॅक कोहेन आणि जॉन स्टॉकवेल यांनी ते घडवलं. त्याचं मूळ स्टॅनफर्डमध्ये आयनार क्यार्टान्सन यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे. शुकी रोनेन यांनी ते कोलोरॅडोत आणलं. शेकडो लहान लहान प्रोग्रॅम, प्रत्येकाचं काम एकच, आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याला पाइपनं जोडायचं, अशी त्याची रचना. दिसायला जुनाट आहे. पण सेस्मिक प्रक्रियेतली प्रत्येक पायरी वेगवेगळी उघडी दिसते, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. बटण दाबलं की चित्र देणारं महागडं सॉफ्टवेअर सुरुवातीला हाती न आलेलंच बरं.

बसवताना मुलं तीन ठिकाणी अडकतात. सीडब्ल्यूपी-रूट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करायचा राहतो. आपल्या मशीनची मेकफाइल-कॉन्फिग फाइल निवडायची राहते. आणि एक्स-इलेव्हनच्या डेव्हलपमेंट लायब्ररी नसल्यानं चित्र दाखवणारे प्रोग्रॅम बनतच नाहीत. हे तिन्ही आधी बघा, मग मेक-इन्स्टॉल आणि त्यानंतर मेक-एक्सटी-इन्स्टॉल द्या. झालं की टर्मिनलवर सुप्लेन चालवून ते सुएक्सविगबीला पाइप करा. तिरक्या-आडव्या रेषांचं एक छोटं कृत्रिम रेकॉर्ड पडद्यावर आलं, तर काम झालं.

आता खरा डेटा. सेस्मिकची जगभर चालणारी फाइल म्हणजे सेग-वाय, १९७५ साली ठरलेला नमुना. आरंभी ३२०० बाइटचं मजकुराचं हेडर, मग ४०० बाइटचं बायनरी हेडर, आणि पुढे प्रत्येक ट्रेसच्या (एका चॅनलच्या नोंदीच्या) डोक्यावर २४० बाइट. सिस्मिक युनिक्समध्ये सेग-वाय-रीडनं फाइल वाचायची, सुरेंजनं हेडरमध्ये काय काय भरलंय ते बघायचं. इथे घाई करू नका. शॉट, म्हणजे जमिनीला दिलेला ठोका, कुठे मारला, जिओफोन कुठे होता, हे हेडरमध्ये नीट नसेल तर पुढचं सगळं गणित फुकट. सरावासाठी अलास्कातली ३१-८१ क्रमांकाची जमिनीवरची सर्वेक्षण-रेषा घ्या. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा हा डेटा खुला आहे, आणि टेक्सासचे कार्ल श्लायकर यांनी तो कच्च्या अवस्थेपासून स्टॅकपर्यंत (एकाच जागेच्या ट्रेसांच्या बेरजेपर्यंत) नेण्याच्या स्क्रिप्टही खुल्या ठेवल्यात. गेन (क्षीण नोंद मोठी करणं), फिल्टर, डिकॉन्व्होल्यूशन (लाटेचा लांबलेला ठसा आखूड करणं), वेग शोधणं, एनएमओ (लांबच्या जिओफोनला लागलेला जादा वेळ वजा करणं), स्टॅक, मायग्रेशन (परावर्तनं खऱ्या जागी नेणं): एकेक पायरी चालवायची, एखादा आकडा बदलायचा, चित्र कसं बिघडतं ते बघायचं. थिअरी अडली की ओझ यिल्माझ यांचा दोन खंडांचा ग्रंथ एसईजी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या विकीवर मोफत वाचता येतो.

क्लेअरबाउट यांचा हट्ट

जॉन क्लेअरबाउट यांनी १९७३ साली स्टॅनफर्ड एक्स्प्लोरेशन प्रोजेक्ट सुरू केला. तेलकंपन्यांच्या वर्गणीवर चालणारा विद्यापीठातला संशोधन गट ही कल्पना पुढे जगभर पसरली. लाटांच्या समीकरणावरून जमिनीखालचं चित्र काढण्याची त्यांची पद्धत मोठीच. आपल्यासारख्यांच्या जास्त उपयोगाचा मात्र त्यांचा दुसरा हट्ट आहे: लेखातली आकृती ज्या डेटावरून, ज्या कोडनं निघाली तो डेटा आणि कोड लेखासोबत असलाच पाहिजे, दुसऱ्यानं एक आज्ञा दिली की तीच आकृती पुन्हा निघाली पाहिजे. त्यांची पाठ्यपुस्तकंही वेबवर मोफत आहेत.

त्याच गटातून पीएचडी झालेले सर्गेय फोमेल पुढे टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेले. त्यांच्या पुढाकारानं माडागास्कर हे पॅकेज २००६ साली खुलं झालं. त्यात डेटाची फाइल दोन तुकड्यांत असते: साध्या मजकुराचं हेडर, जे कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येतं, आणि आकड्यांची वेगळी बायनरी फाइल. सगळं काम स्कॉन्स या साधनानं चालतं. एका फाइलमध्ये फ्लो आणि रिझल्ट अशा ओळी लिहायच्या, मधली एखादी ओळ बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच पुन्हा चालतं. माडागास्करसोबत कितीतरी शोधनिबंध त्यांच्या स्क्रिप्टसकट येतात. एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय सुचत नसेल तर त्यातला एखादा घ्या, आहे तसा चालवून बघा, मग तोच आपल्या डेटावर लावा. जागतिक दर्जाचं संशोधन घरबसल्या आतून बघायची एवढी सोय भूशास्त्राच्या फार थोड्या शाखांत आहे.

सिस्मिक युनिक्स आधी की माडागास्कर? आधी सिस्मिक युनिक्स. पायऱ्या हाताला बसल्या की माडागास्करला या.

वावरात उतरायचं

खोलवरच्या रिफ्लेक्शनचं, म्हणजे थरांवर आपटून परतलेल्या लाटांचं, काम आपल्या आवाक्यातलं नाही. रिफ्रॅक्शनचं, म्हणजे कठीण थरातून वळून आलेल्या लाटांचं, आहे. एखाद्या विद्यापीठाच्या विभागाकडे किंवा संस्थेकडे २४ चॅनलचं इंजिनिअरिंग सिस्मोग्राफ असतं. ते एक-दोन दिवसांसाठी मिळवायचं. बाकी लागतं ते गावातच मिळतं: ७-८ किलोचा घण, मारायला जाड लोखंडी पाट, लांब टेप, सुतळी, खुंट्या. उंची-सखलपणा मोजायला मिस्त्री वापरतात तो पाण्याचा लेव्हल पाइप मोबाइलच्या जीपीएसपेक्षा कितीतरी भरवशाचा.

वेळ कधीची? पऱ्हाटी उपटल्यानंतर वावर मोकळं मिळतं, पण काळ्या मातीला तोवर भेगा पडू लागतात. भेगाळलेल्या ढेकळात रोवलेला जिओफोन नुसता डगमगतो. वरची भुसभुशीत माती बाजूला सारून, वीतभर खाली घट्ट ओलसर थरात त्याचा खिळा जाऊ द्या. लागलंच तर आदल्या संध्याकाळी जागेवर थोडं पाणी ओता. पांदणीच्या मधोमध रेषा टाकायचा मोह होतो, कारण चालायला सोपं. पण बैलगाड्या-ट्रॅक्टरनी दाबलेला वरचा कडक पापुद्रा पहिल्या लाटा बिघडवतो. म्हणून बाजूनं, धुऱ्याला समांतर रेषा टाका.

वाऱ्याआधीची पहाट सगळ्यात शांत. मोटरपंपांची थ्री फेज केव्हा येते ते शेतकऱ्याला विचारून घ्या आणि ती नसते तेव्हा काम उरका. पंपाचे हादरे आणि तारांमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट, दोन्ही रेकॉर्डमध्ये उतरतात. तो गुणगुणाट नंतर फिल्टरनं काढता येतो, पण त्यात एक खोच आहे, ती पुढे येईल.

रेषेची लांबी हव्या त्या खोलीच्या चार-पाच पट असावी. १५ मीटरपर्यंत बघायचं तर २४ जिओफोन ३ मीटरच्या अंतरानं, म्हणजे ६९ मीटर. शॉट किमान पाच: दोन्ही टोकांना, मधोमध, आणि दोन्ही टोकांच्या पलीकडे वीस-तीस मीटरवर. एकाच टोकाकडून मारून भागत नाही. खालचा थर तिरपा असेल तर एका बाजूनं त्याचा वेग जास्त भासतो, दुसऱ्या बाजूनं कमी. दोन्हीकडून मारलं तरच खरा कळतो. सॅम्पलिंग पाव मिलिसेकंद किंवा त्याहून बारीक, रेकॉर्ड अर्ध्या सेकंदाचं. प्रत्येक ठिकाणी अनेक घाव मारून यंत्रात त्यांची बेरीज करा. नको असलेला आवाज घावांच्या संख्येच्या वर्गमुळानं घटतो, ९ घावांत तिपटीनं सुधारणा. पुढच्या तिप्पट सुधारणेला मात्र ८१ घाव लागतील, तेव्हा घण मारणाऱ्याचा जीव सांभाळा. घणाच्या दांड्यावरचा ट्रिगर घट्ट बांधलाय ना, हे अधूनमधून तपासायचं. तो सैल झाला की शून्य वेळच सरकते आणि नंतर काही करता येत नाही.

जागेवरच वहीत लिहा: फाइल क्रमांक, शॉटची जागा, घावांची संख्या, कोणता जिओफोन खराब, कुठे विहीर, नाला, तार. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदी कामाच्या नसतात.

पहिल्या ठोक्याचा हिशेब

रिफ्रॅक्शन समजायला एवढं पुरे: जवळच्या वावरात जायचं तर पांदणच बरी, लांबच्या गावाला जायचं तर आडवाट करून डांबरी रस्ता गाठलेला बरा. लाटेचंही तसंच. जवळच्या जिओफोनवर मातीतून सरळ आलेली लाट आधी पोचते. ठरावीक अंतरापुढे खाली उतरून कठीण थरातून वेगानं पळालेली लाट तिला गाठून पुढे जाते.

यंत्राची फाइल बहुधा सेग-टू नमुन्यात असते. ती वाचायला ऑब्स्पाय हे पायथनमधलं पॅकेज वापरा. म्युनिकच्या विद्यापीठात भूकंपाच्या नोंदींसाठी ते सुरू झालं, पण सेग-टू, सेग-वाय, सिस्मिक युनिक्सची फाइल, सगळं वाचतं. प्रत्येक ट्रेसवर लाटेची पहिली हालचाल कुठे सुरू होते ती वेळ टिपा. वर म्हटलेली खोच ती इथे. नेहमीचा झिरो-फेज फिल्टर लाट येण्याच्या आधीही लहर उठवतो आणि पहिला ठोका खोटाच अलीकडे सरकतो. म्हणून वेळा कच्च्या रेकॉर्डवर टिपा, फिल्टर केलेलं शेजारी फक्त ताळ्यासाठी ठेवा.

पहिला आलेख संगणकावर नको, ग्राफपेपरवर काढा. आडवं अंतर, उभी वेळ. समजा सुरुवातीच्या बिंदूंत १२ मीटरला २४ मिलिसेकंद लागले: वरच्या थराचा वेग सेकंदाला ५०० मीटर. २४ मीटरला रेषा मोडली आणि पुढे दर १० मीटरला ४ मिलिसेकंद लागू लागले: खालच्या थराचा वेग २५०० मीटर. आता खोली काढायला मोडीच्या अंतराची निमपट घ्या, म्हणजे १२. तिला दोन वेगांची वजाबाकी भागिले बेरीज याच्या वर्गमुळानं गुणा. २००० भागिले ३००० याचं वर्गमूळ ०.८२ च्या जवळ, म्हणून खोली ९.८ मीटर. ताळा असा: अ टोकाला मारून ब टोकाला लागलेली वेळ आणि ब ला मारून अ ला लागलेली वेळ सारखी आली पाहिजे. नसेल तर वेळा टिपताना किंवा ट्रिगरमध्ये गडबड आहे, पुढे जाऊ नका.

वेगावरून (सेकंदाला मीटर) खडक ओळखायचा ढोबळ अंदाज: सुकी माती ३०० ते ६००, कुजका खडक हजार-दोन हजार, अभंग काळा पाषाण ४५०० ते ६०००. साधारण दोन हजारच्या आतलं मोठ्या मशीननं उकरता येतं, त्यापुढे ब्रेकर किंवा सुरुंग. मध्ये १५०० च्या आसपासचा वेग दिसला तर पाण्यानं भरलेली माती असू शकते, किंवा कोरडा कुजका खडकही. आकडा एकच, अर्थ दोन. शेजारच्या विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजल्याशिवाय काही बोलू नका.

हाताचा हिशेब जमला की पायजिमलीकडे या. कार्स्टन र्‍यूकर, थॉमस ग्युंथर आणि फ्लोरियान वाग्नर या जर्मन संशोधकांचं हे खुलं पॅकेज प्रवासवेळांवरून वेगाचा पूर्ण काटछेद काढून देतं, आणि त्याच चौकटीत रेझिस्टिव्हिटीचंही, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा विरोध मोजण्याचं, काम होतं. त्यासोबतच्या उदाहरणात रिफ्रॅक्शनचा खरा डेटा आहे. आधी त्यावर हात बसवा.

विदर्भात ही पद्धत कुठे फसते

रिफ्रॅक्शनची एक अट आहे: खोल जावं तसा वेग वाढत गेला पाहिजे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या नाइस खडकात बहुतेक तसं असतं. वर माती, खाली कुजका, त्याखाली पक्का. शिकायला तो मुलूख उत्तम.

पश्चिम विदर्भात बेसॉल्टचे थरावर थर आहेत. एका लाव्हाप्रवाहाचा अभंग कठीण भाग, त्याखाली दुसऱ्या प्रवाहाचा सच्छिद्र, कुजलेला माथा, कधी मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. बोअरला पाणी लागलं तर बऱ्याचदा अशाच सांध्यात लागतं. आणि नेमका तोच सांधा रिफ्रॅक्शनला दिसत नाही, कारण तो वरच्या खडकापेक्षा मंद आहे. त्याच्यावरून लाट वळून वर येतच नाही. यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या पठारावर "खाली सलग खडक आहे" असं रिफ्रॅक्शनवरून सांगणं म्हणून धोक्याचं.

यावर थोडा उतारा त्याच रेकॉर्डमध्ये असतो. घणाच्या घावातली बरीच शक्ती पृष्ठलाटांत जाते, ज्या आपण कचरा म्हणून टाकून देतो. कॅन्सस भूगर्भ सर्वेक्षणातल्या चून पार्क, रिचर्ड मिलर आणि जियांगहाय शिया यांनी १९९९ साली मांडलेली मासव पद्धत या लाटांवरून कातरलाटांचा (जमिनीला आडवं हलवत जाणाऱ्या लाटांचा) वेग काढते, आणि तिला मधला मंद थर चालतो. मार्क वाथले यांचं जिओप्सी हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. जिओफोन मात्र ४.५ हर्ट्झचे हवेत, आणि खोल, पातळ सांधा तिलाही सापडेलच असं नाही.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या गाळात, अडचण निराळी. अकोला-दर्यापूरकडे प्रश्न पाणी आहे की नाही हा नसून गोडं की खारं हा असतो. सेस्मिक लाटेला दोन्ही जवळजवळ सारखीच. तिथे रेझिस्टिव्हिटीच करायची, सेस्मिकवर दिवस घालवू नका. वर्धा खोऱ्यातला कोळसा तर रिफ्लेक्शनचा विषय. कोल इंडियाची शोध-नियोजन कंपनी सीएमपीडीआय, तिची चौथी प्रादेशिक संस्था नागपुरात आहे, कोळशाच्या शोधाचं काम जवळून बघायचं तर तिकडे विचारा.

पुढची वाट

आपल्या भागात सेस्मिकचं मोठं काम झालेलं आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. हैदराबादच्या एनजीआरआयनं (राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं) के. एल. कैला यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकापासून पृथ्वीच्या कवचाच्या तळापर्यंत बघणाऱ्या लांबलचक रेषा घेतल्या. त्यातली उज्जैनहून निघालेली एक रेषा नर्मदा-तापी ओलांडून अकोला जिल्ह्यातल्या महानपर्यंत आली. कोयनेच्या भागातही त्यांनी अशा रेषा घेतल्या. त्यांचे जुने निबंध मिळवून वाचा, आपल्या पायाखालचं आहे म्हणून जास्त समजतं.

जगाकडे बघायचं तर सध्याचा चर्चेतला विषय म्हणजे पूर्ण लहर वापरून जमिनीचं प्रारूप काढणं, फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जन. त्याचा पाया आल्बर्ट टारांटोला यांच्या १९८४ च्या निबंधात आहे. फ्रान्समध्ये ज्याँ विरियो आणि स्टेफान ऑपर्तो यांनी ते पुढे नेलं, अमेरिकेत फेलिक्स हेरमान यांचा स्लिम गट त्यावर आहे. कोड चालवून बघायचा तर लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात जेरार्ड गोरमन यांच्या गटात घडलेलं डेव्हिटो घ्या. लाटेचं समीकरण पायथनमध्ये गणितासारखं लिहायचं, वेगवान कोड ते स्वतः बनवतं. सराव मार्मुझी प्रारूपावर: अंगोलाच्या क्वांझा खोऱ्यावर बेतलेलं, फ्रेंच पेट्रोलियम संस्थेनं १९८८ साली केलेलं, ९ किलोमीटरहून थोडं लांब आणि ३ किलोमीटर खोल. लहान ग्रिड घेतली तर साध्या लॅपटॉपवरही चालतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा डेल्फी गट आणि कॅनडातल्या कॅल्गरीचा क्रूज गट, दोन्ही तोलाचे. क्रूजचं सॉफ्टवेअर मात्र मॅटलॅबमध्ये आहे आणि मॅटलॅब विकतचं, म्हणून सुरुवातीला मी ते सुचवत नाही. थ्रीडी डेटा बघून थर रेखाटायचे असतील तर ओपनडीटेक्ट हे सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचा उत्तर समुद्रातल्या एफ-थ्री ब्लॉकचा डेटा घ्या. फाइल मोठी आहे, कॉलेजातूनच उतरवा.

यंत्र मागायला एखाद्या विभागाला पत्र लिहाल तेव्हा "सेस्मिकमध्ये रस आहे" एवढ्यावर थांबू नका. गावाचा नकाशा, रेषेची जागा, शेतमालकाची लेखी परवानगी, जवळच्या दोन-तीन विहिरींत कोणता थर किती खोलीवर लागला त्याच्या नोंदी, आणि अलास्काच्या डेटावर तुम्ही स्वतः चालवलेली स्क्रिप्ट, एवढं जोडा. परदेशातल्या गटाला मेल करतानाही हेच: कोणत्या ओळीवर काय त्रुटी येते ते स्क्रिप्टसकट पाठवा. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं नेमक्या प्रश्नाला उत्तर देतात.

शेतकऱ्याच्या हातात द्यायचा कागद एका पानाचा ठेवा: रेषेचं रेखाचित्र, प्रत्येक थराची खोली दीड-दोन मीटर इकडेतिकडे धरून, आणि खाली ठळक अक्षरात, "या तपासणीत पाणी मोजलेलं नाही."